चिकूखालचा वाफा

सरला चुरीला राग येतो, हे सरावलीत कुणाला सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीतला शिपाई तिला लांबून येताना बघतो, खुर्ची पुसून ठेवतो आणि स्वतः चहाच्या निमित्ताने बाहेर सटकतो. तिचा नवरा नविन रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता, शांत आणि थट्टेखोर. आमच्या घरात कुकर दोन आहेत, त्यातल्या एकालाच शिट्टी आहे, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे आणि सरला चहात साखर कमी घालायची.

पण आपल्या रागाला काही रीत आहे, असं तिचं तिला वाटे. आपण उगाच चिडत नाही आणि भलत्याच माणसावर तर कधीच चिडत नाही, हे ती छातीठोकपणे सांगायची. अठ्ठावन्न वर्षं हे खरं धरून ती चालली. मग यंदाच्या माघात एक गुरुवार आला.

ती घोलवडची मुलगी, सरावलीला धाकटी सून म्हणून आली. घरात थोरले दीर वासुदेव, थोरली जाऊ कुसुमबाई आणि मागे चिकूची वाडी. वाडी म्हणायला दोघा भावांची, पण कुठलं झाड कधी छाटायचं, माल कुणाला द्यायचा, मोटर कधी चालू करायची, सगळं वासुदेव ठरवायचे. नविन हयात होता तोवर तो निदान मान हलवायला तरी असायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला आणि मान हलवायलाही कुणी उरलं नाही. सरलाच्या वाट्याला म्हणून जे होतं, ते विहिरीशेजारच्या सहा जुन्या चिकूंखालचा पट्टा. तिथे सावली इतकी दाट की मिरचीसुद्धा फुलायला तयार नसायची, म्हणून तो तिला मिळाला होता.

त्या पट्ट्यात तिने ॲस्परॅगस लावला. खाण्याचा नव्हे, शोभेचा. लग्नाच्या मांडवात, सत्काराच्या गुच्छात गुलाबाच्या मागे जो हिरवा, धुक्यासारखा बारीक पाला असतो, तो. सोळा वर्षांपूर्वी नविनने कुठल्याशा ऑफिसच्या व्हरांड्यातून फेकून दिलेली एक कुंडी उचलून आणली होती. पाला पिवळा पडलेला, बोट लावलं की सुयांसारखी पानं झडायची. कुसुमबाई म्हणाल्या, मेलंय, उकिरड्यावर टाक. तेव्हा वाडीत चिकू उतरवायला कैनाडची रतन यायची. वारली आदिवासी बाई, सरलाच्याच वयाची. तिने कुंडी आडवी केली, मातीत हात घातला आणि पांढऱ्या, गुबगुबीत मुळ्यांचा घोस बाहेर काढून दाखवला. "वर मेलंय, खाली नाय मेलं," ती म्हणाली. तिने पिवळ्या काड्या मातीलगत कापून टाकल्या, कोयत्याने गड्ड्याचे पाच भाग केले, प्रत्येकाला कोंब फुटायला एक डोळा ठेवला आणि चिकूखाली लावले. महिनाभराने हिरवे कोंब आले.

पुढे सरला ही गोष्ट सांगायची तेव्हा गोष्टीतला कोयता तिच्याच हातात असायचा. रतन गोष्टीच्या कडेला सरकत सरकत एक दिवस गोष्टीतून बाहेरच पडली. मुद्दाम नव्हे, पण पडली खरी.

पाचाचे दोनशे गड्डे झाले. त्यांचं करणं सोपं नव्हतं. ऊन थेट लागलं की पाला पिवळा, आणि अगदी काळोख असला की काड्या लांबट, लुळ्या. वरची माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, कारण खालच्या मुळ्या पाणी साठवून असतात, जास्त झालं की कुजतात. दर उन्हाळ्यात कुजलेलं शेणखत आणि चिकूचा पालापाचोळा. काडी कापायची ती मातीलगत, मधून कधीच नाही. मधून कापलेली काडी पुन्हा वाढत नाही, नुसती वाळते. आणि एका गड्ड्यावर निदान पाच काड्या सोडायच्या, नाहीतर मुळ्यांना खाऊ कोण घालणार. बुडाशी बारीक काटे लपलेले असतात, दिसत नाहीत आणि नखात शिरतात. सरला आणि रतन, दोघींची बोटं त्या काट्यांनी बारा महिने खरबरीत असायची. पंचवीस पंचवीस काड्यांच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधून सरला डहाणूच्या, तलासरीच्या मांडववाल्यांकडे न्यायची. मांडववाले तिला मावशी म्हणत आणि पाल्यात खोट काढायची हिंमत करत नसत.

घरात मात्र त्याला गवत म्हणत. "खाता येत नाही, देवाला वाहता येत नाही," कुसुमबाईंचं ठरलेलं वाक्य होतं. सरलाचा मुलगा यतीन त्या वाफ्यावरून उडी मारून शाळेत गेला, कॉलेजात गेला, तहसील कचेरीत लागला. त्याने कधी विचारलं नाही की आई, हे काय आहे. हे सगळं सरला पोटात ठेवत होती. पोट मोठं होतं, पण त्यालाही शेवट असतो.

जानेवारीत यतीनची बायको श्रुतिका बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगी झाली, नाव ऋचा ठेवलं. मूल संध्याकाळचं रडतं, जगातली सगळी मुलं रडतात तसंच. पण कुसुमबाईंनी निदान करून टाकलं की श्रुतिकाला दूध पुरत नाही. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तोलून सांगितलं होतं की वजन छान वाढतंय, काही देऊ नका. डॉक्टरणीला मुलं किती, कुसुमबाईंनी विचारलं. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले. मग शतावरीचं चूर्ण आलं, ते त्यांनी हुंगून बाजूला ठेवलं. दुकानातलं चूर्ण म्हणजे भुसा. ताजी मुळी दुधात उकळून द्यायची, आमच्या आईने आम्हाला दिली. श्रुतिका बिचारी भिंतीला टेकून ऐकत असायची. तिला आपण आई म्हणून नापास झालोय असं वाटू लागलं होतं, हे सरलाला दिसत होतं, आणि त्याचाही राग तिच्यात साठत होता.

त्या गुरुवारी सरला तलासरीला गेली. मोठं लग्न होतं, चाळीस जुड्या होत्या. मांडववाल्याशी हुज्जत घालण्यात दुपार गेली. परतीच्या एसटीत बसल्यावर तिने फोन पाहिला, तर रतनचे तीन मिस कॉल. उद्या सुट्टी हवी असेल, तिने मनाशी म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. डहाणूला स्टँडपर्यंत न जाता ती अलीकडे नाक्यावरच उतरली आणि रिक्षाने घरी आली.

वाडीचं फाटक उघडताच तिला विहिरीकडे हिरवं कमी वाटलं. जवळ गेली. वाफ्याचा अर्ध्याहून थोडा कमी भाग उलथापालथा झाला होता. ऐंशी-नव्वद गड्डे मुळापासून उपटलेले. हिरवा पाला एका ढिगात फेकलेला, उन्हात पडून मान टाकलेला. जाड जाड मुळ्या तोडून नेलेल्या, गड्डे उरलेल्या अर्ध्या घोसांसह तसेच उताणे पडलेले. आणि ढिगाशेजारी ओल्या मातीने माखलेली आखूड दांड्याची कुदळ. ती कुदळ रतनची. वाडीत दुसरं कुणी तिला हात लावत नसे.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते सरलाला त्या क्षणी अक्षरशः कळलं. पाय खरोखर गरम झाले. तिने तिथेच, चिखलात उभ्या उभ्या रतनला फोन लावला.

"हात कसा चालला गं तुझा?" रतनने हॅलो म्हणायच्या आत सरला सुरू झाली. "सोळा वर्षं तुला शिकवतेय, मूळ उघडं पाडायचं नाही, मूळ उघडं पाडायचं नाही. कुणी सांगितलं तुला? विकायला नेलंस? मला विचारायची गरज नाही वाटली?"

"सरलाबाय, ऐका—"

"काय ऐकू? शेवटी जंगलातली ती जंगलातलीच. दिसलं मूळ की खण. किती वर्षं माणसात ठेवलं तरी काय उपयोग."

पलीकडे कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजत होता. मग रतनने फोन ठेवला. सरलाला वाटलं, तोंड लपवतेय.

मग ती घराकडे वळली आणि ओटीवरच तिला वास आला, उकळत्या दुधाचा आणि ओल्या मातीचा. स्वयंपाकघरात कुसुमबाई पाटावर बसून मुळ्यांची साल काढत होत्या. परात भरली होती. गॅसवर पातेलं. यतीन दारात उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना चिखल. आणि श्रुतिकाच्या हातात पेला.

"आलीस? बरं झालं," कुसुमबाई म्हणाल्या. "तुझं गवत एकदाचं कामाला आलं. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही बघ. काटा तोच, पाला तोच, मुळी तर डिट्टो शतावरी."

सरलाने श्रुतिकाच्या हातातला पेला घेतला आणि मोरीत ओतला. मग गॅस बंद करून पातेलंही ओतलं. दूध भसाभस मोरीतून वाहून गेलं. "प्यायलीस?" तिने विचारलं.

"दोन घोट," श्रुतिका म्हणाली. "काकू म्हणाल्या संपव."

"यतीन, डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आत्ता."

यतीनने लावला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, कुठलं झाड, कुंडीतलं ते शोभेचं? मग त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आलं. ते औषधाचं झाड नाही, काय वाटेल ते बाळंतिणीच्या पोटात घालू नका. दोन घोटांनी बहुतेक काही होणार नाही, पण पोटात मळमळलं तर लगेच घेऊन या. आणि बाळाला आईचं दूध पुरतंय, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय.

"ती डॉक्टरीण शिकली मुंबईत," कुसुमबाई म्हणाल्या. "तिला काय माहीत मुळ्या. ती रतनही तेच बरळत होती."

"काय म्हणाली रतन?" सरलाने विचारलं.

"सकाळी तिला म्हटलं खण, तर म्हणे, हे रानातलं नाय, आम्ही ते खणतो ते वेगळं, बाळंतिणीला देऊ नका. कुदळ टाकली आणि उभी राहिली. मला शिकवते. म्हटलं, मग चालू पड. दिली हाकलून. मग यतीन आज रजेवर घरीच होता, त्याने खणलं."

सरला मटकन खाली बसली नाही, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला आणखी राग आला. इतका आला की कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तिने सगळ्यांवर काढला. कुसुमबाईंना तिने तीस वर्षांचं ऐकवलं. या घरात ज्याला कळतं त्याला हाकलायचं आणि ज्याला कळत नाही त्याने पोरीच्या तोंडाला पेला लावायचा. यतीनला म्हणाली, घरामागे सोळा वर्षं काय उगवलंय ते तुला माहीत नाही, आणि तू सरकारच्या जमिनीच्या नोंदी ठेवतोस. वासुदेव आवाज ऐकून आले. गवतासाठी घर डोक्यावर घेऊ नकोस, वाडीत काय खणायचं ते मी बघेन, असं म्हणाले. त्यावर सरला म्हणाली, "भावोजी, पुढच्या वेळी तुमचा चिकू मुळासकट उपटते आणि काढा करून देते. मग बघू."

वासुदेवांना अशी उत्तरं ऐकायची सवय नव्हती. ते ओटीवर जाऊन बसले.

यतीन तिच्यामागे वाफ्यापर्यंत आला. लावायला मदत करतो म्हणाला. "हात लावू नकोस," ती म्हणाली. मूर्खपणाच होता तो. तिचा गुडघा गेल्या वर्षीच शस्त्रक्रियेतून उठला होता. चिकूच्या मुळांनी गच्च झालेल्या त्या जमिनीत एकटीने नव्वद खड्डे घेणं शक्य नव्हतं. चार गड्डे लावले आणि गुडघा बोलायला लागला. बाकीचे तिने गोणपाटात गुंडाळले, पाणी शिंपडलं आणि सावलीत ठेवले. काटे नखात शिरत होते. तिने ते काढलेही नाहीत. हे सगळं रतनच्या हाताला अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि उद्याचा दिवस गेला तर मुळ्या सुकणार होत्या. शिवाय तो फोन. त्या फोनवरचं शेवटचं वाक्य तिला आता स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं. ते परत घ्यायचं म्हणजे काय करायचं, याचा तिला काही अनुभव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुतिकाचं पोट ठीक असल्याची खात्री करून तिने रिक्षा केली आणि ती कैनाडला गेली. वाटेत तिला रतनचाही राग आला. ऐकून घेतलं नाही हे खरं, पण हिने तरी फोन ठेवायचा का. एका वाक्यासाठी सोळा वर्षं मोडायची का. रिक्षा खड्ड्यांतून जात होती आणि सरला मनातल्या मनात स्वतःचीच वकिली करत होती.

रतन अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. उठली नाही. पाणी विचारलं नाही. काठी खालीवर होत राहिली. सून रखमी दारातून डोकावली आणि आत गेली.

"मला माहीत नव्हतं," सरला म्हणाली. "कुदळ तुझी होती तिथे. मला वाटलं."

"तुमाला वाटलं," रतन म्हणाली.

"फोन केलास तेव्हा मी घेतला नाही. गाडीत कळलं. मला वाटलं सुट्टी मागतेयस."

"तीन फोन लावले. मग डहाणूला गेले, स्टँडवर. म्हटलं तलासरीची गाडी येल, तुमी उतराल, घरी जायच्या आत सांगन. नायतर ती पोरगी पिऊन बसल. बारापासून उभी होते. तुमचा फोन आला तवा मी तिथंच होते, मागनं आलेल्या गाडीच्या दाराशी. माणसं उतरत होती, मी एकेक तोंड बघत होते."

काठी थांबली नाही. सरलाला हॉर्न आठवला. नाक्यावर न उतरता ती आणखी पाच मिनिटं गाडीत बसली असती, तर रतन तिच्यासमोर उभी राहिली असती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने आयुष्यात कधी एकत्र उच्चारले नव्हते आणि ते तिच्या तोंडातून उधार आणल्यासारखे आले.

"हो," रतन म्हणाली.

मग सरलाने वाफ्याचं काढलं. मुळ्या गोणपाटात आहेत, दुपारपर्यंत लावल्या नाहीत तर जातील. तू ये, घरात कुणी तुला एक शब्द बोलणार नाही, मी बघते.

"तुमच्या वाडीत मी येत नाय," रतन म्हणाली. आवाज चढला नाही. सरलाला चढलेल्या आवाजाशी कसं भिडायचं ते माहीत होतं, याच्याशी नाही. "ते उपटलेले हायत ते इथं घेऊन या. माझ्या आंब्याखाली जागा हाय. लावते. जगले तर माझे."

सरलाच्या नाकपुड्या फुलल्या. तिचे गड्डे, तिची सोळा वर्षं, आणि जगले तर हिचे. तोंडाशी आलेलं उत्तर जहाल होतं. पण बोलायच्या आधी तिला ती कुंडी दिसली, आडवी केलेली, आणि मातीत शिरलेला हात. तो हात तिचा स्वतःचा नव्हता. ती रिक्षात बसली.

दोन तासांनी ती तीन गोणी घेऊन आली. रतनने आंब्याखाली चर खणून ठेवला होता, तळाशी शेणखत पसरलं होतं. तिने एकेक गड्डा हातात घेतला, तुटलेल्या मुळीला राख लावली, वाळलेली काडी मातीलगत कापली, डोळा वर ठेवून गड्डा मातीत बसवला. तिचे हात भरभर चालले होते आणि एकही गड्डा तिने दोनदा उचलला नाही. सरला वाकून एक गड्डा उचलायला गेली.

"राहू द्या," रतन म्हणाली.

सरला उभी राहिली. ऊन वर आलं. शेवटचे दहा उरले तेव्हा रतनने हात पुसले आणि पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागात माणूस काय पण बोलतं. मी पण बोलते. पण जे बोलतं ते आधी आत असावं लागतं. जंगलातली म्हणालात ना मला, ते तुमच्या पोटात कधीपासून होतं? काल आलं, का पहिल्या दिवसापासून?"

सरलाने आठवून पाहिलं. रतनला दिलेला वेगळा कप आठवला, जो सोळा वर्षं ओटीच्या कोनाड्यात पालथा असायचा. तो तिनेच ठेवला होता, कुसुमबाईंनी नव्हे.

रतन पुन्हा गड्ड्यांकडे वळली. सरलाने रिकाम्या गोणी झटकल्या, घड्या घातल्या आणि रिक्षात नेऊन ठेवल्या.